चिंधी लावली का?

विमानाच्या पोटाखाली मी पहिल्यांदा उभी राहिले तेव्हा तिथल्या बहुतेक वस्तू माझ्या ओळखीच्या होत्या, फक्त त्यांची नावं येत नव्हती. हिंगोलीजवळच्या पुसेगावात माझ्या वडिलांचं मोटारपंप दुरुस्तीचं दुकान होतं. शाळेतून आले की मी तिथं बसून पाने पुसायची. दहा-अकराचा पाना, गोटी पाना, पक्कड, पेचकस. वडिलांनी हात पुढे केला की बोलण्याआधी मी पाना हातावर ठेवायची. त्यामुळे हँगरमध्ये पहिल्याच आठवड्यात माझी फजिती झाली ती मला फार लागली. शिफ्टच्या इन्चार्ज साहेबांनी स्पीड हँडल मागितलं आणि मी रॅचेट घेऊन गेले. मागं दोघं-तिघं हसले. एकजण हिंदीत म्हणाला, "गाँव से सीधा रनवे पर."

विमान दुरुस्तीच्या प्रशिक्षणात माझ्या बॅचला आणखी एकच मुलगी होती. ती कुठली हे मला ठाऊक नव्हतं. एकदा जेवणाच्या रांगेत ती वाढप्याला म्हणाली, "काहून एवढाच भात?" आणि मी वळून पाहिलं. सिद्धेश्वर धरणाच्या अलीकडे तिचा तांडा. माझ्या घरापासून दोन बस बदलल्या की तिचं घर. आम्ही दोघी त्या परक्या शहरात हजारभर माणसांत होतो आणि आमचा जिल्हा एक निघाला. तिच्या घरी गोरमाटी, म्हणजे बंजारा बोली, बोलायचे. मराठी ती शाळेत शिकली, हिंदी बाजारात. ती म्हणायची, "इंग्रजी माझी चौथी भाषा हाय. आन् परीक्षा तिच्यातच घेऊन राहिले."

हॉस्टेलच्या खोलीत आम्ही एक वही केली. कल्पना माझी, अक्षर माझं. डावीकडे पुस्तकातलं इंग्रजी नाव देवनागरीत, मधे वस्तूचं काम, उजवीकडे आमचं नाव. ठरलेल्या जोराला पोचल्यावर 'कट्' वाजणाऱ्या टॉर्क रेंचचं नाव कटकट्या. लांब दांडीचा इन्स्पेक्शन मिरर म्हणजे दातवाल्याचा आरसा. बोल्ट सैल होऊ नयेत म्हणून त्यांना पीळ देऊन गुंफायची सेफ्टी वायर म्हणजे वेणी. चाकाखाली सरकवायचे ठोकळे, त्यांना आम्ही दगडच म्हणायचो. उंचावर काम करताना अंगात घालायचं हार्नेस म्हणजे जोतं. तिनं वाक्यं म्हणून पाहायची आणि मी लिहायची. हसून हसून पोट दुखायचं. आणि पाठ व्हायचं. त्या वहीवर आम्ही दोघी लेखी परीक्षा पास झालो. हसणाऱ्यांपैकी एकजण नापास झाला, ते आम्हाला मनातून बरं वाटलं.

पुढे नोकरीतही आमची शिफ्ट एक आली. हँगरमध्ये आम्ही आमच्या नावांनीच बोलायचो. आधी गंमत म्हणून, मग सवय म्हणून. खरं सांगायचं तर त्यात थोडा माजही होता. आजूबाजूच्यांना आमचं कळत नसे, आणि पूर्वी त्यांचं आम्हाला कळत नव्हतं त्याची ती फेड होती.

आमच्या एका म्हाताऱ्या शिक्षकांनी प्रशिक्षणाच्या काळात ही वही पाहिली होती. त्यांनी चार पानं चाळली आणि एवढंच म्हणाले, "पाठांतराला ठीक आहे. विमानाखाली नको. इथं एका वस्तूला एकच नाव असतं." आम्ही "हो सर" म्हटलं.

त्या वहीत एक शब्द होता चिंधी. विमान जमिनीवर असताना काही वस्तू तात्पुरत्या बसवतात आणि उडण्याआधी काढाव्या लागतात. विसरू नयेत म्हणून त्यांना लाल रंगाची लांब फीत बांधलेली असते. चाकाचा पाय दुमडू नये म्हणून भोकात घालायची पिन असते, तिला ती फीत. चाकाच्या खोबणीचं दार मिटू नये म्हणून त्याच्या दांड्यावर एक कडं बसवतात, सेफ्टी कॉलर, त्यालाही तीच फीत. आम्ही दोन्हीला चिंधी म्हणायचो. कधी कुठली चिंधी हे बोलण्याच्या ओघात कळायचं. निदान आम्हाला तसं वाटायचं.

त्या दिवशी सकाळची वेळ होती, साडेदहाचा सुमार. विमान मोठ्या तपासणीसाठी आत घेतलेलं होतं. मी सकाळीच तिन्ही पायांच्या पिना बसवल्या होत्या. माझ्या मैत्रिणीला उजव्या चाकाच्या खोबणीत शिरून एका नळीच्या जोडाशी तेल गळतं का ते पाहायचं होतं. खोबणीचं दार उघडं होतं. आत जाणाऱ्यानं दाराचं कडं स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं असा नियम आहे. मी पलीकडे डाव्या चाकाशी काम करत होते. तिनं कानावर मफ चढवायच्या आधी मला हाक मारली.

"चिंधी लावली का?"

मी मान वर न करता म्हटलं, "व्हय, लावली."

मला पिन वाटली. तिनं कडं विचारलं होतं. तिनं आत वाकून पाहिलंच असणार, आणि तिला लाल फीत लोंबताना दिसलीही असणार. ती माझ्या पिनेची होती.

समोर विमानाच्या नाकाशी शिफ्टचे इन्चार्ज साहेब हेडसेट लावून उभे होते. वर कॉकपिटमधल्या इंजिनिअरला हायड्रॉलिक पंप चालू करून काहीतरी तपासायचं होतं. त्यांनी खाली विचारलं, कुणी जवळ आहे का. साहेबांनी उभ्या जागेवरून एक नजर टाकली आणि मोकळं असल्याचं सांगितलं. फिरून बघायला हवं होतं, ते फिरले नाहीत. मला पंपाचा आवाज चढताना ऐकू आला. तिला मफमुळे उशिरा ऐकू आला असेल.

ते दार हळू मिटत नाही. मी ओरडले ते शब्द नव्हते. तिनं स्वतःला बाहेर झोकलं, सगळी बाहेर आली, डावा हात तेवढा मागं राहिला.

पंप बंद करून दार पुन्हा खाली यायला किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही. मी तिचं डोकं मांडीवर धरून बसले होते. ती रडत नव्हती, मोठ्यानं गोरमाटीत काहीतरी म्हणत होती, एकच शब्द पुन्हा पुन्हा, याडी, याडी. आई. कुणीतरी प्रथमोपचाराची पेटी आणली. मी तिचा हातमोजा काढायला लागले तर मागून कुणी ओरडलं, "मोजा काढू नका, तसाच राहू द्या!" मी हात मागं घेतला. दवाखान्यात दोन बोटं गेली. तिसरं राहिलं, पण ते वाकत नाही.

तिसऱ्या दिवशी चौकशी झाली. क्वालिटी विभागाचे साहेब होते, शांत माणूस. त्यांनी मला पाणी दिलं आणि माझ्या पिनांबद्दल विचारलं. कधी बसवल्या, किती बसवल्या, कुठे सही केली. ते सगळं बरोबर होतं. मग त्यांनी विचारलं, "आत जाण्यापूर्वी त्यांनी तुम्हाला काही विचारलं होतं का?"

"मशीनचा आवाज होता, सर. नीट आठवत नाही."

त्यांनी ते लिहून घेतलं. मी सही केली.

मी असं का केलं यावर नंतर मी खूप विचार केला. लायसन्सची परीक्षा त्याच वर्षी होती हे एक कारण आहे, पण तेच सगळं नाही. "चिंधी" हा शब्द त्या टेबलावर ठेवावा लागला असता. मग वही ठेवावी लागली असती, कटकट्या आणि दातवाल्याचा आरसा सगळं. गावाकडच्या दोन मुली विमानाखाली आपली बोबडी भाषा बोलत होत्या आणि त्यात एकीचा हात गेला. मला ते पहिल्या आठवड्यातलं हसणं ऐकू येत होतं. त्या हसण्याला मी भ्याले. खोलीवर गेले आणि वही ट्रंकेच्या तळाशी कपड्यांखाली घातली.

दवाखान्यात मी रोज जायची. तिथं तिचा मोठा भाऊ असायचा, नर्स असायची, कधी कंपनीचं कुणी. आम्ही एकट्या कधी सापडलो नाही, असं मी स्वतःला सांगायची. खरं म्हणजे भाऊ डबा आणायला गेला की मीही त्याच्यामागे उठायची. महिन्याभरानं तो तिला गावी घेऊन गेला.

मग अहवाल आला. इन्चार्ज साहेबांवर ठपका होता, त्यांना त्या कामावरून हटवलं. दुसरा ठपका तिच्यावर होता. दाराचं कडं बसवल्याची स्वतः खात्री न करता आत प्रवेश केला. एक प्रत तिच्या घरी गेली. माझं नाव साक्षीदारांत होतं.

चार महिन्यांनी मी रजेवर पुसेगावला आले. आईनं पहिल्याच संध्याकाळी विचारलं, "त्या पोरीला भेटून आलीस का?" मी म्हटलं, जाईन. आई म्हणाली, "जाईन काय? उद्याच जा. लेकराचा हात गेला, आन् तुझी सखी ना ती?" माझ्या आईला त्यातलं काही ठाऊक नव्हतं. वडील भिंतीकडे तोंड करून मोटारीची तार गुंडाळत बसले होते, त्यांनी मान वर केली नाही. मला वाटलं, यांना कळलं. तसं काही नव्हतं. पण त्या दिवसांत मला सगळ्यांना कळल्यासारखं वाटायचं.

हिंगोली, मग औंढा, औंढ्याहून काळीपिवळी जीप. तांड्याच्या फाट्यावर उतरून चालत गेले. अंगणात हळद शिजत होती, कढईवरून वाफ वर जात होती. तिची आई लाकडं सारत होती. मला पाहून उठली, दोन्ही हातांनी माझा चेहरा धरला आणि तिच्या मोडक्या मराठीत म्हणाली, "बाई, तू व्हतीस ना तिथं? तूच सांग. माझी पोरगी अशी कशी न बघता गेली आत?"

भाऊ दारात उभा होता. तो म्हणाला, "कागदात लिवलंय की, याडी. किती बार विचारशील? तिचीच चूक हाय."

मी काही बोलले नाही. त्या बाईचे हात माझ्या गालावर होते, लाकडाच्या धुराचे, गरम.

मैत्रीण आतून आली. डाव्या हातावर ओढणी गुंडाळलेली. म्हणाली, "चल, कॅनॉलकडं जाऊ." आम्ही चालत निघालो. कालव्याला पाणी सोडलेलं होतं. ती काठावर बसली. मग तिनं ओढणी काढली आणि मला हात दाखवला, जसा एखादा सुटा भाग तपासायला दाखवावा तसा. पुन्हा गुंडाळला.

"एक इचारू? खरं सांग."

"विचार."

"त्या दिवशी मी तुला इचारलं होतं का? चिंधी लावली का म्हून? मला तर आठवून राहिलं. तुझा आवाजबी आठवतो. पण कागदात न्हाई. भाऊ म्हणतो, दवाखान्याच्या औषधानं तुला भास झाले. आता मलाच वाटायलंय का मी इचारलंच न्हाई. झोपंतबी तेच चालू असतं. इचारलं, न्हाई इचारलं, इचारलं, न्हाई इचारलं."

मी येताना जीपमध्ये काय काय ठरवलं होतं, कुठून सुरुवात करायची, ते सगळं गेलं.

"विचारलं होतंस," मी म्हटलं. "मी व्हय म्हणाले. मला पिन वाटली."

ती माझ्याकडे वळली.

"मग त्यांना काहून न्हाई सांगितलं?"

"भ्याले."

"कोनाला?"

हसण्याला भ्याले असं त्या हातासमोर कसं म्हणणार?

ती उठली. दहा-बारा पावलं गेली, परत आली. तिचा आवाज चढला नाही, त्यामुळे मला जास्त भीती वाटली. "बोटाचं मला एवढं न्हाई वाटलं. थ्रेशरमंदी जातात लोकायची बोटं, इथं तांड्यातच दोघं हायेत. पण मला वाटलं मी येडी झाले. मायचं बोलणं ऐकलं, भावाचं ऐकलं, आन् मानून घेतलं का माझंच डोकं फिरलं. चार महिने. तू रोज दवाखान्यात येत होतीस. माझ्या उशाशी बसत होतीस."

"हो."

"ऊठ. आता याडीला सांग. माझ्यापुढं सांग."

मी सांगितलं. अंगणात, हळदीच्या कढईशेजारी, उभ्या उभ्या. तिच्या आईला सगळं मराठी कळेना, तेव्हा मैत्रिणीनं एकेक वाक्य गोरमाटीत करून सांगितलं. माझी खोटी साक्ष तिला स्वतःच्या तोंडानं आईला समजावून द्यावी लागली. भाऊ ऐकत होता. तो खाली बसला आणि त्यानं बहिणीकडे एकदा पाहिलं, मग बघेना. तिची आई ओरडली नाही. ती म्हणाली, "आता सांगतीस, बाई. तवा सांगायचं." आणि लाकडं सारायला वळली.

मला औंढ्यापर्यंत भावानं मोटारसायकलवर सोडलं. स्टँडजवळ उतरवलं, गाडी वळवली, मग थांबून म्हणाला, "लिहून देणार ना?" मी म्हटलं, देते. "कवा?" मी म्हटलं, आत्ता.

बसला वेळ होता. नागनाथाला आलेल्या लोकांची गर्दी होती, नारळ-प्रसादाची दुकानं. त्यातल्याच एकात वह्या-पेनं होती. मी कोरे कागद घेतले आणि स्टँडच्या बाकावर बसून लिहिलं. आधी मराठीत लिहिलं, कारण इंग्रजीत लिहिताना मला माझं वाक्य गुळगुळीत होताना दिसत होतं. "मला नीट आठवत नाही असे मी सांगितले ते खोटे होते." हे आणि चिंधीचं, वहीचं सगळं मराठीत लिहिल्यावर मग इंग्रजीत घातलं. दोन्हीचे फोटो काढून क्वालिटीच्या साहेबांना पाठवले. मग बस लागली तरी मी बाकावरच बसून होते. शेजारी बसलेल्या म्हातारीनं विचारलं, "काय झालं गं लेकी, कोनी गेलं का घरचं?"

परत गेल्यावर क्वालिटीच्या साहेबांनी मला बोलावलं आणि वही मागितली. मी ट्रंकेतून काढून दिली. त्यांनी ती माझ्यासमोर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचली. मी वाट पाहत होते कधी हसतील. ते हसले नाहीत. म्हणाले, "शब्द वाईट नाहीत. या एकाला दोन वस्तू आहेत, एवढंच." आणि वही मिटून, "ते निस्तरता आलं असतं. खोट्या जबाबाखालची सही निस्तरता येत नाही."

माझा कामावर सही करण्याचा अधिकार वर्षभरासाठी काढून घेतला. लायसन्सची परीक्षा हुकली. त्या वर्षात मी पॅनेलं धुतली, दुसऱ्याच्या नजरेखाली ठोकळे सरकवले, हँगर झाडला. लोक हसले, आणि त्यानं मी मेले नाही. अहवालाला एक पुरवणी जोडली गेली, की तिनं आत जाण्यापूर्वी विचारलं होतं आणि तिला होकार मिळाला होता. ती प्रत तांड्यावर गेली. भावानं ती दोन वेळा मोठ्यानं वाचून दाखवली असं मला पुढे कळलं. वही क्वालिटीच्या साहेबांच्या कपाटात राहिली. मी परत मागितली नाही.

ती कामावर परत आली. विमानाखाली नाही, हत्यारांच्या स्टोअरमध्ये. तिथं खिडकी असते. आपला नंबर कोरलेला बिल्ला द्यायचा, हत्यार घ्यायचं. शिफ्ट संपली की हत्यार द्यायचं, बिल्ला घ्यायचा. भिंतीवर प्रत्येक हत्याराची काळी आकृती काढलेली असते, म्हणजे काय परत आलं नाही ते लांबूनच दिसतं. ती त्या कामात फार लवकर तरबेज झाली. उजव्या हातानं उचलायची, डाव्या मनगटानं ड्रॉवर ढकलायची.

पहिल्या दिवशी मी खिडकीशी गेले तर तिनं वर पाहिलं आणि विचारलं, "काय पाहिजे तुमाला?"

तुम्हाला. सहा वर्षांत तिनं मला कधी तसं म्हटलं नव्हतं. मी पुस्तकातलं पूर्ण नाव सांगितलं, मापासकट. तिनं तेच नाव परत उच्चारलं, हत्यार दिलं, नोंद केली. नंतर रोज असंच. इतरांशी ती हसून बोलायची, कॅन्टीनवाल्याशी तर गावच्या बोलीत भांडायची. माझ्याशी कधी वाईट वागली नाही. एकदा मी टॉर्क रेंच परत देताना त्याचं माप उतरवायला विसरले, तर म्हणाली, "माप खाली आणून द्या. स्प्रिंग खराब होते." बस. मी खिडकीबाहेर उभं राहून माप उतरवलं आणि दिलं.

मी एकदा तिच्या खोलीवर गेले होते. माफी मागायला, दुसरं काय. तिनं दार उघडलं, ऐकून घेतलं, आणि म्हणाली, "मी रागात न्हाई. मला तुमच्यावर भरोसा ठेवता येत न्हाई, एवढंच. ते माझ्या हातात न्हाई." दार आपटलं नाही. हळूच लावलं.

गेल्या वर्षी तिची दुसऱ्या शहरात बदली झाली, तिथल्या स्टोअरची प्रमुख म्हणून. मला ते नोटीस बोर्डावरून कळलं. तोवर ती गेलेली होती.

माझा अधिकार मला परत मिळाला आहे. परीक्षाही झाली. मी आता कामावर कमी बोलते, आणि बोलते ते पुस्तकातल्या नावांनी. माझ्या हाताखालचे मला कडक म्हणतात.

रजेवर आले की मी तांड्यावर जाऊन येते. ती तिथं नसते तेव्हाच जाते. तिच्या बदलीनंतर पहिल्यांदा गेले तेव्हा दारापाशी थांबले होते, तर तिची आई म्हणाली, "उभी काहून राहिलीस? बस." तिच्या लेकीनं नवीन गावी खोली केल्याचं, भावाला मुलगी झाल्याचं तिनं सांगितलं. मी निघताना म्हणाली, "तिला इचारलं मी, तू घरी आलीस तर चालंल का म्हून. काही बोलली न्हाई. न्हाई म्हणली न्हाई." मग दारापर्यंत येऊन, "पण येते म्हून सांगू नको तिला. मीच सांगेन, माझ्या येळेनं."

मी येते हे आईनं तिला अजून सांगितलं की नाही, मी विचारलेलं नाही.